‘मी तर काहीच वाचलं नाहीये गं!’

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या प्रायव्हेट शाळेत जे शिकतायत, शिकवतायत किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी अभ्यासाच्या प्रेशरबद्दल मोकळेपणाने लिहा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी वाचली, काही दोनदोनदा वाचली, आणि त्यातली पाच इथे घेतेय. नावं कोणाचीच देत नाहीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई, मी अकरावीत आहे. आमची शाळा फक्त मुलींची, टेस्ट देऊन अ‍ॅडमिशन मिळते. जुन्या शाळेत माझा नंबर कायम पहिल्या तिनात असायचा, इथे पहिल्याच युनिट टेस्टला ४१ मुलींमध्ये २६वी आले. आमच्या वर्गात पेपरच्या आधी सगळ्या म्हणतात ‘मी तर काहीच वाचलं नाहीये गं’ आणि मग पेपर मिळाले की त्यांना नव्वदच्या वर. आता मीपण तेच म्हणायला लागलेय आणि घरी रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागते. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वर्गातली एक मुलगी राहते, तिला माझ्या खोलीतला लाईट दिसतो म्हणून मी लाईट बंद करून मोबाईलच्या उजेडात वाचते. मी आधीपण हुशार नव्हतेच का? सगळ्यांना उगाच वाटत होतं का?

आधी तो लाईट लाव गं बाळा. आजच लाव. तुझं पत्र वाचताना मी त्या वाक्यापाशी थांबले आणि नंतर बराच वेळ पुढचं पत्र उघडलंच नाही, कारण १६ वर्षांची मुलगी अभ्यास करताना चोरी केल्यासारखी अंधारात बसते आणि आजूबाजूच्या एकाही मोठ्या माणसाला हे माहीत नाही, याचा मला फार त्रास झाला.

आता तुझा प्रश्न. तू हुशार होतीस आणि आहेस. जरा बघ ना, टेस्ट देऊन निवडलेल्या ४१ मुली एका वर्गात आणल्या म्हणजे त्यातल्या बहुतेक जणी आपापल्या शाळेत पहिल्या तिनातच होत्या, आता त्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं की कोणीतरी २६वी येणारच, तिथे तू नसतीस तर दुसरी कोणी असती आणि तिनेही मला हेच पत्र लिहिलं असतं. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ पासून या गोष्टीवर काम केलंय, तो याला छोट्या तळ्यातला मोठा मासा म्हणतो. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, एक साध्या शाळेत आणि एक निवडक हुशार मुलांच्या शाळेत, तर निवडक शाळेतलं मूल स्वतःला अभ्यासात कमी समजायला लागतं. पुढे कितीतरी देशांमध्ये हेच दिसलं. म्हणजे तुला जे वाटतंय ते तू कमी पडल्यामुळे नाही, तळं बदलल्यामुळे वाटतंय. पण एक धोका आहे आणि तो लक्षात ठेव, की असं वाटायला लागल्यावर मुली आवडीचे विषय सोडून देतात, गणित आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकतात, वर्गात हात वर करणं बंद करतात, आणि मग जे आधी फक्त वाटत होतं ते हळूहळू खरं व्हायला लागतं. तेव्हा या वर्षी नंबर बघून कुठलाही विषय सोडायचा निर्णय घेऊ नकोस.

आणि ते ‘काहीच वाचलं नाहीये गं’. मी २६ वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि पेपरच्या आधी व्हरांड्यात हे वाक्य ऐकलं नाही असं एकही वर्ष आठवत नाही. मानसशास्त्रात याला नाव आहे, सेल्फ हँडिकॅपिंग, १९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोघांनी ते मांडलं. आधीच कारण तयार ठेवायचं म्हणजे मार्क कमी आले तर ‘वाचलंच नव्हतं’ आणि जास्त आले तर ‘न वाचता एवढे’, दोन्हीकडून आपली अक्कल शाबूत. हे सगळीकडे चालतं, मुलामुलींच्या एकत्र शाळेतही चालतं, पण फक्त मुलींच्या शाळेत त्याला अजून एक पदर असतो असं माझं मत आहे. मुलींना पहिलं यायचं असतं पण आपल्याला पहिलं यायचंय हे कोणाला दिसू द्यायचं नसतं, कारण तसं दिसलं की ती मुलगी ‘जास्तच शहाणी’ किंवा ‘स्वार्थी’ ठरते आणि मैत्रिणी तुटतात, आणि या वयात मैत्रीण तुटण्याएवढं मोठं दुःख नसतं. त्यामुळे मेहनत लपवावी लागते. मग ४१ जणी ४१ खोल्यांमध्ये जागतात आणि प्रत्येकीला वाटतं की फक्त मलाच एवढा वेळ लागतो, बाकीच्यांना सहज येतं, म्हणजे मीच मठ्ठ. समोरच्या बिल्डिंगमधली ती मुलगीसुद्धा तुझी खिडकी अंधारी बघून असंच काहीतरी समजत असेल, हे तुझ्या कधी डोक्यात आलं का?

म्हणून एक काम सांगते. सगळ्या वर्गाला नको, एकाच मैत्रिणीला खरं सांग. ‘काल मी तीन तास बसले आणि तरी ते प्रकरण डोक्यात गेलं नाही’, एवढंच. कदाचित ती पण खरं बोलेल, कदाचित नाही बोलणार, पण तुझं तरी लपवणं थांबेल, आणि माझा अनुभव असा आहे की दहातल्या सात आठ वेळा समोरून ‘मला पण’ येतंच.

जागरणाचं मात्र मी ऐकून घेणार नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली आहे आणि तू पत्रात पुढे पाच लिहिलेस. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, त्यामुळे रात्री दोनपर्यंत वाचून तू स्वतःच्याच मेहनतीवर पाणी ओततेयस. त्याऐवजी वाचायची पद्धत बदल. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला, काहींनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचला आणि मग पुस्तक मिटून तीन वेळा आठवून लिहिला. आठवड्यानंतर चार वेळा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत बघ, वाचून झाल्यावर आपल्याला पुढच्या आठवड्यात किती आठवेल असं विचारलं तेव्हा जास्त कॉन्फिडन्स पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता! म्हणजे रात्री एकला चौथ्यांदा तेच पान वाचताना जे ‘येतंय, येतंय’ वाटतं त्याच्यावर फार विश्वास ठेवू नकोस, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर लिही, जिथे अडलीस तेवढंच उघडून बघ आणि अकराच्या आत झोप.

नमस्कार ताई. माझी मुलगी नववीत आहे, पाचवीपासून मुलींच्याच प्रायव्हेट शाळेत. हल्ली परीक्षेच्या आधी तिच्या पोटात दुखतं, एकदा उलट्या झाल्या, डॉक्टरांनी टेन्शनचं आहे म्हणून सांगितलं. मिस्टर म्हणतात शाळा बदलू, मुलंमुली एकत्र असली की वातावरण हलकं राहतं. सासूबाई शिक्षिका होत्या, त्या म्हणतात मुलींच्या शाळेत मुली जास्त पुढे जातात, अजिबात काढू नका. मी मधल्यामधे. कोणाचं बरोबर?

दोघांचंही अर्धं अर्धं, आणि तुमच्या मुलीच्या पोटदुखीचं उत्तर यातल्या कुठल्याच अर्ध्यात नाही.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेऊ कारण ते फार जण मानतात. २०१४ मध्ये पाल्की, हाइड आणि अ‍ॅलिसन या तिघी संशोधकांनी फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या शाळांची एकत्र शाळांशी तुलना करणारे १८४ अभ्यास एकत्र करून पाहिले, २१ देश, १६ लाख विद्यार्थी. वरवर बघितलं तर काही बाबतीत मुलींच्या शाळा थोड्या पुढे दिसतात. पण प्रायव्हेट आणि निवडक शाळांमध्ये मुळातच सुशिक्षित, पैसेवाल्या घरातली आणि आधीच मार्क चांगले असलेली मुलं जातात ना, तो फरक बाजूला काढून मोजलं तर फायदा इतका छोटा उरतो की तो नसल्यातच जमा. म्हणजे रिझल्ट शाळेचा दिसतो, पण बराचसा तो शाळेत कोण आलं त्याचा असतो. आता दुसरी बाजूही सांगते नाहीतर सासूबाईंवर अन्याय होईल. दक्षिण कोरियात सोलमध्ये कुठल्या मुलाने कुठल्या हायस्कूलला जायचं हे १९७४ पासून सोडतीने ठरायचं, त्यामुळे तिथे तुलना बऱ्यापैकी स्वच्छ होते, आणि तिथे फक्त मुलींच्या आणि फक्त मुलांच्या शाळांमधली मुलं भाषेच्या पेपरांत आणि कॉलेजला जाण्यात थोडी पुढे निघाली. त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञाने पाहिलं, त्याला बहुतेक मुलांना काहीच फरक पडलेला दिसला नाही, फायदा झाला तो ज्यांना अशाच शाळेत जायची मनापासून इच्छा होती त्यांना, जास्त करून मुलींना. आणि तिथल्या मुलींच्या शाळांमध्ये मुली सायन्सचे विषय कमी घेत होत्या, जे ऐकून मला स्वतःला धक्का बसला होता कारण मी आयुष्यभर उलटंच सांगत आले.

म्हणून मिस्टरांनाही सांगा की वर्गात मुलं आली म्हणून वातावरण आपोआप हलकं होईल अशी काही खात्री नाही. पोटदुखी मुलींच्या शाळेची नाही, त्या शाळेत चूक केली तर काय होतं याची आहे. तुम्ही शाळेत जा आणि रिझल्ट विचारू नका, तो तर गेटवरच लावलेला असतो. एखादीला ४० मिळाले तर पुढच्या आठवड्यात तिच्याशी कोण बोलतं, काय बोलतं, हे विचारा. वर्गात मार्क मोठ्याने वाचतात का, नंबर लावतात का, काउन्सेलर आहे का आणि असेल तर मुली तिच्याकडे जाताना इतरांना दिसतात का (दिसत असतील तर कोणी जाणार नाही). मागच्या दोन वर्षांत किती मुलींनी शाळा मध्येच सोडली हेही विचारा, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा. काही शाळांचा शंभर टक्के निकाल कच्च्या मुलींना आधीच बाहेरचा रस्ता दाखवून लागतो, हे मी जवळून पाहिलंय.

आणि मुलीला विचारलंत का हो? तुमच्या अख्ख्या पत्रात मिस्टर काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणाले हे आहे, मुलगी काय म्हणते हे कुठेच नाही. दोषी धरत नाहीये तुम्हाला, घाबरल्यावर असंच होतं. पण परीक्षेचा विषय नसताना, कुठेतरी बाजूबाजूला बसून, तिच्याकडे न बघता विचारा, मुलं डोळ्यात डोळे घालून विचारलं की बंद होतात. तिला मैत्रिणी सोडायच्या नसतील तर शाळा बदलणं हा तिच्यासाठी दुसरा घाव ठरेल, आणि ती स्वतःच जायचं म्हणत असेल तर मात्र रिझल्टसाठी अडवू नका.

मॅडम, मी मुलांच्या शाळेत शिकलो, मारही खाल्ला, नंबरही लागले, आणि आज बरं चाललंय. माझ्या मुलालाही तशाच शाळेत घातलंय. थोडं प्रेशर तर हवंच ना, नाहीतर मुलं हातपाय हलवत नाहीत?

थोडं हवं, मान्य. पण ‘थोडं’ म्हणजे किती हे कामावर ठरतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो, त्यात काम सोपं असताना विजेचा झटका वाढवला तरी उंदीर शिकत होते, पण काम अवघड केल्यावर जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं आणि सौम्य झटक्यात सगळ्यात लवकर झालं. उंदरांवरून मुलांबद्दल फार काही ठरवू नये हे खरं आहे, पण एवढं मी वर्गात रोज बघितलंय की पाढे धाकाने पाठ होतात आणि नवीन प्रकारचं गणित धाकाने सुटत नाही, घाबरलेलं मूल पहिली जी रीत आठवेल तीच ओढत बसतं. तुमचा मुलगा आता ज्या वयात आहे तिथे सगळा अभ्यास दुसऱ्या प्रकारचा आहे. आणि तुम्ही बरे निघालात, पण तुमच्या वर्गातले जे बरे निघाले नाहीत ते मला पत्र लिहीत नाहीत आणि गेट-टुगेदरलाही येत नाहीत, त्यांचाही विचार करा.

ताई, हे छापलंत तरी चालेल पण कुठली शाळा ते कळू देऊ नका. मी मुलांच्या शाळेत बारावीत आहे. आमच्याकडे जो जास्त अभ्यास करतो त्याला नावं ठेवतात, जो कमी मार्क मिळवतो त्यालाही ठेवतात. आधी माझे दोन जिगरी मित्र होते, आता आम्ही फक्त मॅच आणि गेम यावर बोलतो. प्रीलिममध्ये मला खूप कमी पडले, सर सगळ्यांसमोर म्हणाले रडू नकोस मुलगी आहेस का. मी रडतही नव्हतो. घरी कोणाला दाखवलं नाहीये. झोप लागत नाही, आणि कधी कधी वाटतं झोप लागली तर परत उठूच नये.

शेवटचं वाक्य आधी घेतो आपण, चालेल? हे तू लिहिलंस हे फार बरं केलंस रे. त्या वाक्याला मी ‘टीनएजमध्ये होतं असं’ म्हणून बाजूला सारणार नाही आणि तूही सारू नकोस. आजच्या आज एका मोठ्या माणसाला हे सांगायचंय. आई, बाबा, मामा, आत्या, एखादे सर ज्यांचा तुला राग येत नाही, फॅमिली डॉक्टर, कोणीही. बोलता येत नसेल तर मला लिहिलंस तेच वाक्य मोबाईलमध्ये टाईप करून त्यांच्यासमोर धर, बोलायची गरज नाही. पहिल्या माणसाला नीट कळलं नाही, त्याने उडवून लावलं, तर दुसऱ्याकडे जा, थांबू नकोस. आणि रात्री तो विचार जोरात आला, काही करावंसं वाटलं, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, घरातल्यांना उठवायचं, किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला नाहीतर इमर्जन्सी नंबरला फोन करायचा, तो नंबर आत्ताच सेव्ह करून ठेव. यात घाबरट, कमकुवत असं काहीही नाही.

हे वाचणाऱ्या मोठ्यांसाठी एक सांगून ठेवते. मुलाबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारा, ‘तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे, अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही, उलट कोणीतरी विचारलं याने मुलांना सुटल्यासारखं होतं.

आता बाकीचं. तुझे मित्र कुठे गेले हा मला तुझ्या मार्कांपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या निओबी वे यांनी कितीतरी वर्षं किशोरवयीन मुलांशी बोलून अभ्यास केलाय, त्यांना असं दिसलं की १३-१४ वर्षांची मुलं आपल्या मित्राबद्दल अगदी जिव्हाळ्याने बोलतात, त्याला सगळं सांगतो, तो नसेल तर मी वेडा होईन असंसुद्धा म्हणतात, आणि मोठी होता होता, साधारण तुझ्या वयाला, त्यातल्या बऱ्याच जणांचं हे बोलणं बंद होतं. मैत्री नकोशी झाली म्हणून बंद होत नाही, मैत्री हवी असणं हे बायकी समजलं जातं म्हणून. फक्त मुलांच्या शाळेत हे जास्तच कडक होऊ शकतं, कारण तिथे ‘पुरुषासारखं’ कोण आणि कोण नाही हे दिवसभर आपापसातच मोजलं जातं आणि ती मोजपट्टी चुकीची आहे असं म्हणणारं वर्गात कोणी नसतं. शिक्षकांनी म्हणायला हवं. तुझे सर उलट ती मोजपट्टी स्वतःच हातात घेऊन उभे आहेत. ते तुला बोलले ते चूक होतं, आणि त्या वाक्यात त्यांनी मुलींनाही कमी लेखलं ते वेगळंच.

पण सगळ्या मुलांच्या शाळा अशाच असतात असं नाही हं. मी अशाही शाळा पाहिल्यात जिथे मुलगे बिनधास्त कोरसमध्ये गातात, चित्रं काढतात, कविता वाचतात, कारण तिथे ‘हे मुलींचं’ म्हणून वेगळं काढायला मुलीच नसतात आणि शिक्षकांनी त्याचा चांगला उपयोग करून घेतलेला असतो. म्हणजे तुझ्या शाळेत जे चाललंय ते तसंच असायला हवं असा काही नियम नाही.

त्या दोघांपैकी जो जरा बरा वाटतो त्याला एकट्याला गाठ. मॅच बघता बघता म्हण, ‘यार, प्रीलिमनंतर माझी वाट लागलीये, झोप नाही.’ एवढंच म्हण आणि पुढे मॅच बघत राहा. त्याने लगेच काही भारी उत्तर द्यावं अशी अपेक्षा नको, त्यालाही सवय गेलीये.

मार्कांचं घरी सांगणं तू मोठ्या माणसाशी बोललास की त्याच्या मदतीने होईल, ते एकट्याने करू नकोस. आणि मला पुन्हा लिही, दोन ओळी चालतील, कोणाशी बोललास एवढं कळव.

ताई, मी मुलींच्या खासगी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या मॅनेजमेंटच्या सांगण्यावरून प्रत्येक टेस्टनंतर सगळ्या मुलींचे मार्क उतरत्या क्रमाने बोर्डावर लागतात. पालकांनाही तेच हवं असतं, नाही लावले तर फोन येतात. मला हे पटत नाही पण मी एकटी काय करणार, नोकरी आहे.

तुमच्या पत्राचं उत्तर देताना मला आधी माझं सांगायला हवं. पहिली नऊ वर्षं मी पेपर वाटताना जास्त मार्कांपासून कमीकडे नावं घ्यायचे. कोणी सांगितलं म्हणून नाही, मला स्वतःलाच ते बरोबर वाटायचं, पहिल्या मुलींना शाबासकी मिळते असं वाटायचं. एक मुलगी होती, तिचं नाव बहुतेक वेळा शेवटच्या पाचात यायचं, आणि वाट बघताना ती बेंचखाली बोटं मोजायची, किती पेपर उरलेत ते. मला ते दिसायचं आणि त्याचा अर्थ कळायचा नाही. पुढे ती शाळा सोडून गेल्यावर तिची आई भेटली, तेव्हा तिने सांगितलं की पेपर मिळायच्या दिवशी ती सकाळपासून बोलत नसे. त्यानंतर मी पेपर हजेरीच्या क्रमाने, पालथे घालून वाटायला लागले. नऊ वर्षं उशीर झाला होता.

तर एकटी काय करणार, हे करा. तुमच्या वर्गात, तुमच्या विषयाला, पेपर पालथे द्या, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पेपरवर मार्क लिहायच्या आधी एक ओळ लिहा, काय जमलंय आणि पुढे नेमकं काय करायचं. फळ्यावर एखादं गणित किंवा आकृती मुद्दाम चुकू दे आणि कुठे चुकलं ते मुलींना शोधू दे, त्यांना बाई चुकतात आणि काही आभाळ कोसळत नाही हे बघायची फार गरज आहे. मॅनेजमेंटकडे एकटीने जाऊ नका, अजून दोघी-तिघींना पटतंय का बघा, आणि ‘मुलींना वाईट वाटतं’ एवढंच म्हणू नका, त्याने त्यांच्यावर काही परिणाम होणार नाही. त्यांना रिझल्टची भाषा कळते तर त्याच भाषेत बोला. पिसा नावाची जी जगभरातली पंधरा वर्षांच्या मुलांची परीक्षा असते, तिच्या २०१५ च्या फेरीत ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या सरासरी ५५ टक्के मुलांनी सांगितलं की तयारी चांगली असली तरी परीक्षेची खूप धास्ती वाटते, आणि ही धास्ती मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त निघाली. तयारी असूनही मार्क जात असतील तर ते शाळेचेच मार्क जातायत. अजून एक, सुनिया लुथार या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतल्या, नावाजलेल्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला आणि तिथे चिंता, नैराश्य, व्यसनं काही बाबतीत गरीब वस्त्यांतल्या मुलांपेक्षाही जास्त सापडली, आणि त्यामागे सतत वर राहण्याचं प्रेशर हे एक मोठं कारण होतं. २०१९ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थांच्या रिपोर्टने अशा शाळांमधल्या मुलांना धोक्यात असलेल्या गटांमध्ये धरलं. फी भरणाऱ्या पालकांना हे माहीत नसतं, पालकसभेत सांगायला काय हरकत आहे.

ज्या पालकांचे फोन येतात त्यांना मार्क नकोत असं कुठे आहे, त्यांच्या मुलीचे त्यांना हवेतच, तेवढे द्या ना बंद पाकिटात किंवा मेसेजवर. बाकीच्या ४० जणींचे त्यांना कशाला हवेत, हा प्रश्न एकदा शांतपणे विचारून बघा, बऱ्याच जणांना उत्तर देता येत नाही.

आणि बोर्ड या महिन्यात उतरलाच नाही, तर यादी लागेल त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहा. शेवटच्या दहातल्या मुली यादी बघायला सगळ्यांसोबत येत नाहीत, गर्दी गेली की एकेकट्या येतात. तेव्हा तुम्ही तिथे असा.